मोडलेली मांडणी सांधावी की नव्याने लिहावी?

अँड्रॉइड ॲपचा पडदा कसा दिसावा, हे बहुतेक जुन्या ॲपांमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. रकाना कुठे, बटण कुठे, कशाखाली काय, कळफलक अंकांचा उघडायचा की अक्षरांचा. एक्सएमएलमध्ये लिहिलेली ही लेआउटची फाइल शे-दोनशे ओळींची असते, आणि ती एक बिघडली की अख्ख्या ॲपची नवी आवृत्ती तयार होणं थांबतं.

अकोल्यातल्या एका अडत दुकानासाठी केलेल्या ॲपचं असंच झालं. पडदा होता हिशोबपट्टीचा. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याच्या हातात जो कागद पडतो, त्यावरचं सगळं या पडद्यावर भरायचं: नाव, गाव, माल, हर्रासात ठरलेला भाव, पोती, बारदान, वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी निव्वळ रक्कम. उन्हाळ्याचे दिवस, पारा पंचेचाळिशीच्या वर, विजेचा लपंडाव सुरू. फाइल जतन होत असतानाच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा फाइल जागेवर होती, आकारही जवळपास तेवढाच होता, पण उघडली तर आत एकही अक्षर नव्हतं. दुकानातल्या फोनवरचं ॲप चालत होतं. मात्र त्यात काडीचाही बदल करून नवी आवृत्ती देता येत नव्हती, आणि हंगाम तोंडावर होता.

या फाइलीवरून माझ्या ओळखीच्या मामा-भाचीत जो वाद झाला, तो लिहून ठेवण्याजोगा आहे. मामा अकोल्यात एकट्याच्या बळावर लहान व्यापाऱ्यांची ॲपं करतात. त्यांचा हात व्हिज्युअल बेसिकच्या काळात बसला. तेव्हा फॉर्मची फाइल बिघडली की नोटपॅडमध्ये उघडून ओळ न् ओळ वाचायची, ही त्यांची सवय. भाची अमरावतीला एका कंपनीत टीम सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. मामांचं म्हणणं, मोडलेल्या फाइलीतून जे निघेल ते काढायचं. भाचीचं म्हणणं, मोडलेल्या फाइलीला हात लावूच नये; कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या गिटमधून शाबूत प्रत घ्यावी.

भाची : मामा, आत काही उरलंच नाही तर दुरुस्त काय करणार? गिटमधली शेवटची प्रत काढा, नंतरचे बदल पुन्हा करा. जास्तीत जास्त एका दुपारचं काम.

मामा : गिटमधली प्रत दिवाळीच्या आधीची आहे बाई. त्याच्यानंतर तोलाईचा रकाना आला, बारदान आलं, मुनीमजीनं सांगतलेला क्रम आला. ते तू कुठून आणशीन?

भाची : मग खरी चूक ती आहे. रोज संध्याकाळी कमिट केलं असतं तर आज आपण बोलतच नसतो.

मामा : चूक आहेच. मी कुठे नाही म्हणतो? पण आज माह्या समोर जे पडलं आहे त्याचं काय करू, ते सांग मले.

रिकाम्या फाइलीचं कारण भाचीनंच नीट समजावून सांगितलं. फाइल-व्यवस्था स्वतःच्या नोंदी जपते: अमुक नावाची फाइल, अमुक लांबीची. आतला मजकूर डिस्कवर थोडा मागाहून उतरतो. नोंद झाली आणि मजकूर उतरायच्या आत वीज गेली, तर लांबी खरी आणि आत नुसती शून्यं, अशी फाइल हाती येते. लिनक्सच्या एक्स्ट-फोर या फाइल-व्यवस्थेवरून २००९मध्ये याच प्रश्नावर मोठा वाद झाला होता. यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांना शून्य लांबीच्या फाइली मिळत होत्या, आणि दोष फाइल-व्यवस्थेचा की प्रोग्राम लिहिणाऱ्याचा, यावर जाणकारांत दोन तट पडले. शहाणे संपादक आधी मजकूर वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत लिहितात, तो पूर्ण उतरला की मगच नाव बदलतात. ज्या भागात वीज बेभरवशाची, तिथे ही सोय चालू आहे ना, हे प्रत्येकानं एकदा तपासायला हवं. यूपीएस घ्यायला हवा, हे तर वेगळं सांगायलाच नको.

मामांचा पुढचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला.

मामा : आपल्याइकडचे पोट्टे काय करतात, पाह्य. लाल रेघा दिसल्या का पह्यले क्लीन मारतात. त्यानं नाही जमलं तं कॅश साफ करतात. मंग फोन करतात, मामा काहीच सापडून नाही राहिलं. सापडन कसं? जिथं सापडलं असतं ते दोन्ही आपल्याच हातानं पुसून टाकलं ना.

हे अक्षरशः खरं आहे. ॲप बांधताना तयार होणाऱ्या मधल्या फाइली बिल्ड नावाच्या फोल्डरात पडतात, आणि शेवटच्या यशस्वी बांधणीतला मांडणीचा अवशेष तिथे शिल्लक असू शकतो. क्लीन केलं की तो फोल्डर रिकामा. अँड्रॉइड स्टुडिओ आणखी एक गोष्ट गुपचूप करत असतो. गिट असो वा नसो, तो प्रत्येक फाइलीच्या मागच्या अवस्था स्थानिक इतिहासात साठवतो. कॅश साफ करण्याच्या खिडकीत फाइल-व्यवस्थेच्या कॅशसोबत हा इतिहासही पुसण्याचा पर्याय असतो, आणि घाबरलेला मुलगा दिसेल त्या चौकटीत खूण करत सुटतो.

घाबरण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. मांडणीची एक फाइल मोडली की आर नावाचा वर्ग तयार होत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूची ओळख या वर्गात असते, म्हणून तो नाहीसा झाला की ज्या ज्या कोड-फाइलीत त्याचा उल्लेख आहे त्या सगळ्या लाल होतात. बिघाड एका फाइलीत, लाली पन्नास फाइलींत. नवशिका त्या पन्नास फाइली दुरुस्त करायला बसतो. स्टुडिओ त्याला मदत म्हणून एक आयात सुचवतो, तो होकार देतो, आणि स्वतःच्या आर वर्गाऐवजी अँड्रॉइडचा स्वतःचा आर वर्ग फाइलीत येऊन बसतो. आता मूळ मांडणी दुरुस्त केली तरी चुका जात नाहीत. भाची म्हणाली, तिच्या वर्गात हे दर वर्षी घडतं, आणि म्हणूनच ती मुलांना सांगते की चुकांच्या यादीत आधी मांडणीच्या फाइली जिथे असतात त्या रेस फोल्डरातली फाइल शोधा, बाकीच्यांकडे पाहूही नका.

इथे दोघांचं एकमत झालं. पण थोडाच वेळ.

अकोल्याच्या त्या संगणकावर क्लीन मारून झालं होतं, इतिहासही गेला होता. मामांनी दुकानातल्या मुनीमजींचा फोन मागवला. त्यावर बसवलेलं ॲप म्हणजेच एक एपीके फाइल. केबल लावून ती संगणकावर ओढून घेतली आणि एपीकेटूल या साधनानं उलगडली. एपीकेत मांडणीची फाइल मजकुराच्या रूपात नसते, घट्ट बांधलेल्या बायनरी रूपात असते. पण रकान्यांचा क्रम, एकात एक बसवलेल्या चौकटी, रकान्यांची ओळखनावं, रंग, मापं हे सगळं त्यात टिकतं. उलगडलेली फाइल थोडी परकी दिसते. सोळा डीपी लिहिलेलं माप सोळा दशांश शून्य डिप होऊन येतं, ओळींची ठेवण वेगळी असते. पण मांडणी तीच. स्वतःच्या ॲपसाठी, मालकाच्या संमतीनं, हा मार्ग अगदी सरळ आहे.

मामा : पाह्य. गिटमधी नव्हतं, डिस्कवर नव्हतं, मुनीमजीच्या खिशात होतं.

भाची : सगळं नव्हतं, मामा. टिपा कुठे आहेत?

मामा गप्प झाले. फाइलीत अधूनमधून टिपा लिहिलेल्या होत्या. भाव आधी आणि वजन नंतर का, हे त्यातल्या एकीत होतं: हर्रास आधी होतो, काटा मागाहून. हमालीचा रकाना रिकामा सोडता येऊ नये, याचं कारण दुसरीत होतं. बांधणी होताना टिपा गळून पडतात, कारण यंत्राला त्यांचा उपयोग नसतो. एपीकेतून मांडणी परत आली, पण ती तशी का आहे हे आलं नाही.

भाची : यंत्रानं जे टिकवलं ते तुम्हाला मिळालं. माणसानं माणसासाठी लिहिलं होतं ते गेलं. आता पुढच्या वर्षी दुसरा कोणी ही फाइल उघडेल, त्याला भाव आणि वजन उलटसुलट करावंसं वाटेल, आणि त्याला अडवायला आत काहीच नसेल. अशी फाइल मला गिटमध्ये नको. त्यापेक्षा दिवाळीच्या आधीची टिपांसकट असलेली प्रत घ्या आणि पुढचं समोर बसून, विचारून पुन्हा लिहा.

मामा : अन् विचारलेलं मुनीमजीले आठवते का? त्याले हात सांगतात, तोंड नाही सांगत. त्याचं बोट कुठे जाते ते त्या एपीकेमधी आहे.

दोन्ही म्हणणी खरी होती, आणि वादाचं मूळ इथेच आहे. मांडणीची फाइल म्हणजे घेतलेल्या निर्णयांचा साठा. त्यातले काही निर्णय रचनेत उतरतात, काही टिपांमध्ये, आणि काही फक्त वापरणाऱ्याच्या सवयीत राहतात. कोणती फाइल कुठून परत आणली, यावर त्यातलं काय परत येणार हे ठरतं.

मग भाचीनं अर्धवट मोडलेल्या फाइलींचा विषय काढला, आणि त्यात ती जास्त ठाम होती. रिकामी फाइल निदान प्रामाणिक असते. अर्धी मोडलेली फाइल फसवते. दोघांनी एकाच पडद्यावर काम केलं, गिटनं दोघांचे बदल जुळवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, की फाइलीत तो खुणा टाकतो: एका बाजूला सात डावे कोनी कंस, मध्ये सात बरोबरची चिन्हं, शेवटी सात उजवे कोनी कंस. एक्सएमएलची सगळी भाषाच कोनी कंसांची, त्यामुळे वाचकयंत्र तिथेच अडतं. मुलं खुणा पुसतात आणि दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवून देतात. मग चौकट एकदाच उघडते आणि दोनदा मिटते, किंवा दोनदा उघडून एकदाच मिटते. गिट ओळी जुळवतो. कोणती चौकट कोणाच्या पोटात आहे, हे त्याला कळत नाही.

शिवाय यंत्र चुकीची जी ओळ दाखवतं तिथे चूक असेलच असं नाही. चाळिसाव्या ओळीवर उघडलेली चौकट मिटवायची राहिली, तर यंत्राला ते बरंच पुढे, कधी थेट फाइलीच्या शेवटी उमगतं आणि ते तिथल्या ओळीकडे बोट दाखवतं.

मामा : म्हणून तं मी खालून वर वाचतो. एकेक मिटणारी खूण घ्यायची अन् तिची उघडणारी शोधायची. जोडी जमली का तेवढं सोडायचं. ज्याची जोडी नाही ते आपलं दुखणं.

भाची : आणि ती जोडी कुठे मिटवायची, हे कसं ठरवता?

मामा : पाहून. ठेवणीवरून. नावावरून.

भाची : म्हणजे अंदाजानं.

मामा : अनुभवानं म्हण ना, माय.

भाची : तुमच्या बाबतीत अनुभव. माझी मुलं आपोआप दुरुस्त करणारी साधनं वापरतात. ते साधन मिटणारी खूण सोयीच्या जागी टाकून मोकळं होतं. फाइल वाचता येते, ॲप बांधलं जातं, मोठ्या फोनवर पडदाही बरोबर दिसतो. पण जतन करायचं बटण सरकणाऱ्या चौकटीच्या बाहेर पडलेलं असतं. शेतकऱ्याच्या लहान फोनवर कळफलक उघडला की ते बटण त्याच्याखाली गडप. कोणी तक्रार करत नाही. माणूस ॲप काढून टाकतो आणि संपलं. मोडलेली फाइल मला चालते, मामा, ती ओरडते तरी. अशी सांधलेली फाइल ओरडत नाही.

हा मुद्दा भाचीचा एकटीचा नाही. एक्सएमएलची पहिली अधिकृत शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं प्रसिद्ध केली, तेव्हा तीत मुद्दाम एक कठोर नियम घातला: रचनेत चूक आढळली की वाचकयंत्रानं पुढचं काम थांबवायचं, स्वतःच्या मनानं दुरुस्ती करायची नाही. वेबपानांचं एचटीएमएल याच्या अगदी उलट. ब्राउझर मोडकंतोडकं पानही सावरून दाखवतात, आणि एचटीएमएल-पाचमध्ये तर कसं सावरायचं याचेच तपशीलवार नियम लिहिले गेले. एका घराण्यानं चूक झाली की थांबायचं ठरवलं, दुसऱ्यानं सावरून घ्यायचं. अँड्रॉइडची मांडणी पहिल्या घराण्यातली. माझ्या मते तिथे तेच योग्य आहे, कारण पानावरची एखादी ओळ वाकडी दिसली तर वाचक समजून घेतो, हिशोबपट्टीवरचा आकडा चुकीच्या रकान्यात गेला तर शेतकऱ्याचे पैसे जातात.

मामांचा खरा हातखंडा मात्र दुसऱ्याच बिघाडात आहे, आणि तिथे भाचीनंही कान टवकारले. मराठी मजकूर असलेली फाइल कुणीतरी जुन्या संपादकात उघडतो. तो संपादक तिला पाश्चात्त्य लिपीची समजून पुन्हा जतन करतो. सगळी मराठी विचित्र लॅटिन चिन्हांत बदलते. मुलं म्हणतात, गेलं, पुन्हा टाइप करा. मामा म्हणतात, थांबा.

मामा : यूटीएफ-आठमधी मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असते. पह्यला बाइट सगळ्याले सारखा. दुसरा दोनपैकी एक. सगळं वेगळेपण तिसऱ्यात. म्हणून तं त्या कचऱ्यात तीच ती दोन चिन्हं घडीघडी दिसतात. ते दिसलं का समजायचं, माल आत आहे. उलट्या दिशेनं फिरवला का बाहेर येते.

भाची : सगळा येतो?

मामा : नाही ना. तेच तं सांगून राहिलो.

विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या अक्षरतक्त्यात २५६पैकी ५ जागा रिकाम्या आहेत. मराठीच्या ज्या चिन्हांचा तिसरा बाइट नेमका त्या जागांवर पडतो, त्यांच्या जागी कडक रूपांतरक प्रश्नचिन्ह टाकतो. त्यात सापडतात झ, ए, ऐ, चंद्रबिंदू, ऱ्हस्व उकार आणि अक्षराचा पाय मोडणारा हलन्त. हलन्त गेला म्हणजे जोडाक्षरं गेली. मामांनी कागदावर अकोला जिल्ह्यातले सातही तालुके लिहून दाखवले. अकोला, अकोट, बाळापूर, पातूर ही चार नावं या फेऱ्यातून सहीसलामत बाहेर येतात. तेल्हारा, मूर्तिजापूर आणि बार्शीटाकळी तिन्ही मोडतात, कारण तिन्हीत जोडाक्षर आहे. अमरावती शाबूत राहते, बुलडाण्याचा उकार जातो. एवढ्यावर थांबत नाही. भ आणि ठ यांचे तिसरे बाइट त्या तक्त्यात अदृश्य चिन्हांवर पडतात, एक न दिसणारी जोडरेघ आणि एक न तुटणारी मोकळी जागा. मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ती सहज गळतात किंवा बदलतात. हिशोबपट्टीवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द भाव, आणि त्यातला भ असा नकळत जाऊ शकतो.

पण हरवलेल्या चिन्हाच्या आधीचे दोन बाइट शिल्लक असतात, आणि दुसऱ्या बाइटावरून कळतं की हरवलेलं चिन्ह कोणत्या गटातलं. एका गटात झ, ए, ऐ, चंद्रबिंदू. दुसऱ्यात व्यवहारात दोनच पर्याय उरतात, उकार किंवा हलन्त. निव आणि वळ यांच्या मध्ये प्रश्नचिन्ह असेल, तर मराठी येणारा माणूस क्षणात सांगतो की तिथे हलन्त आहे आणि शब्द निव्वळ आहे. यंत्राला दोन पर्यायांपर्यंत पोचवता येतं, शेवटचं पाऊल मराठी वाचणाऱ्यानं टाकायचं. आपल्या भाषेतली ॲपं दुरुस्त करायला आपलीच माणसं का लागतात, याचं इतकं पक्कं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

भाची : शब्दांचं पटलं. पण गावांच्या, माणसांच्या नावांचं काय? आडनावात उकार होता की हलन्त, हे तुम्ही कसं सांगाल?

मामा : नाही सांगता येत. विचारावं लागते.

मग मामांनी अचानक रिद्धपूर काढलं.

मामा : तुह्याच जिल्ह्यात आहे, मोर्शी तालुक्यात. म्हाइंभटानं चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली. ज्यानं पाह्यलं, ज्यानं ऐकलं, त्याच्यापाशी जाऊन विचारलं. अन् मूळ पोथी धाडीत गेली. परंपरा तसंच सांगते ना? मंग लोकांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली. तुह्या हिशेबानं तं ती टाकूनच द्यावी लागली असती. मराठी गद्याचा पह्यला मोठा ग्रंथच गेला असता.

भाचीनं थोडा वेळ घेतला. तिचं उत्तर मला या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

भाची : पण आठवणीतून लिहिलं म्हणून पाठ वेगवेगळे झाले ना? एका प्रतीत एक, दुसरीत दुसरं. कोलत्यांनी १९७८मध्ये लीळाचरित्राची प्रत संपादित केली, ती हे पाठ लपवून नाही केली. कोणत्या पोथीत काय आहे, हे समोर ठेवण्यासाठीच संपादक लागतो. तुम्ही फाइल सांधता तेव्हा काय करता? मूळचं कोणतं, एपीकेतून आलेलं कोणतं आणि तुमच्या डोक्यातून आलेलं कोणतं, हे तुमच्या फाइलीत कुठे दिसतं? सगळं एकजीव करून टाकता. माझा विरोध दुरुस्तीला नाही मामा, या एकजीव करण्याला आहे.

वि. भि. कोलत्यांची ती आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढली. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं आहे. पाठ कसे जपावेत, मिळालेलं आणि कल्पिलेलं वेगळं कसं ठेवावं, ही विद्या अमरावती जिल्ह्याला परकी नाही. कोड लिहिणाऱ्या मुलांनी ती आपली समजायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मामा अडून बसले नाहीत, पण पूर्ण वळलेही नाहीत. त्यांचा आग्रह कायम होता की आधी मोडलेल्या फाइलीतून निघेल तेवढं काढायचं, जुन्या प्रतीकडे वळायचं ते त्यानंतर. भाचीचा आग्रह होता की जुनी शाबूत प्रत हाच पाया, आणि सापडलेला प्रत्येक तुकडा त्यावर वेगळ्या कमिटनं चढवायचा, सोबत तो कुठून आला हे लिहायचं. शेवटी काम तिच्या पद्धतीनं झालं, माल मात्र मामांनी काढलेला. दिवाळीआधीच्या प्रतीतून टिपा आल्या. एपीकेतून क्रम आणि तोलाई आली. मुनीमजींच्या फोनवरची आवृत्ती शेवटच्या बदलाआधीची होती, त्यामुळे बारदानाचा रकाना तेवढा मामांनी आठवणीनं लिहिला, आणि भाचीच्या हट्टामुळे त्यावर टीप टाकली: अंदाजानं भरलं, दुकानात विचारायचं.

दुकानात विचारलं. मामांनी बारदान वजनाखाली ठेवलं होतं. मुनीमजींनी फोन हातात घेतला, पोत्यांचा आकडा टाकला, पुढचं बटण दाबलं आणि थांबले. बारदान पोत्यांच्या लगेच खाली हवं, ते म्हणाले. पोती मोजली की त्याच दमात बारदानाचा हिशोब होतो, काट्याची वाट पाहायची नसते. शिवाय तिथे कळफलक अक्षरांचा उघडत होता, अंकांचा नव्हे. टीप होती म्हणून नेमकं तेच विचारलं गेलं आणि तिथल्या तिथे निस्तरलं. टीप नसती तर तो पडदा तसाच हंगामात उतरला असता.

जाता जाता भाचीनं हेही सांगितलं की या फाइलींचे दिवस भरत आले आहेत. अँड्रॉइडची जेटपॅक कंपोज ही पद्धत जुलै २०२१मध्ये पक्की झाली, ॲपलची स्विफ्टयूआय २०१९ची. दोन्हींत मांडणी थेट कोडमध्ये लिहितात, वेगळी एक्सएमएल फाइल राहत नाही. मामांचं उत्तर एका वाक्याचं होतं: नवं येईन तेव्हा येईन, पण आज अकोल्याच्या बाजारात जी ॲपं चालतात ती जुनी आहेत, अन् ती कोणीतरी सांभाळावीच लागतात. मला यात मामांची बाजू जड वाटते. लहान गावांतली ॲपं कंपनीच्या वेळापत्रकानं बदलत नाहीत, दुकानाच्या ऐपतीनं बदलतात.

माझा कौल विचाराल तर शोध मामांचा आणि नोंद भाचीची. त्यातही एक निवडायची वेळ आली तर मी नोंद निवडेन, कारण शोध चुकला तर काम थोडं वाढतं, नोंद चुकली तर चूक कुणाला सापडतच नाही.

अमरावती-अकोल्यात एकट्यानं ॲपं करणाऱ्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. मांडणीची फाइल मोडली तर क्लीन आणि कॅश या दोन्ही बटणांना लगेच हात लावू नका. मोडलेल्या फाइलीची नक्कल आधी वेगळी काढून ठेवा, स्थानिक इतिहास पाहा, मग गिट, मग फोनवरचं ॲप. आठवणीतून जे भराल त्यावर तसं लिहा. आणि तो पडदा ज्याच्या हातात रोज असतो त्याला फोन देऊन, त्याचं बोट कुठे थांबतं ते पाहिल्याशिवाय नवी आवृत्ती पाठवू नका.